आमचं डिझेल आणि नानाचं पेट्रोल

आमच्या गिरणीतल्या इंजिनाला चावी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्यात आहे. चालू करायला लोखंडी हँडल आणि बंद करायला डिझेलच्या पंपाचा बोटभर दांडा, एवढाच कारभार. दांडा दाबला की आत जाणारं डिझेल तुटायचं, इंजिन दोन-चार उसासे टाकायचं आणि गप व्हायचं. पोलादपूर सोडून कशेडीच्या बाजूला निघालं की घाट चढायच्या आधी एक कच्चा रस्ता आत वळायचा. त्याच्या टोकाला आमची वाडी, आणि वाडी नि गाव यांच्या मधल्या माळावर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भाताची गिरणी. पत्र्याची शेड, तिच्यात एका अंगाला भात भरडायचा हलर, दुसऱ्या अंगाला इंजिन, आणि इंजिनाची ताकद हलरपर्यंत नेणारा लांब पट्टा. पट्टा फिरत असताना त्याच्या जवळ जायचं नाही, हा आम्ही दोघी बहिणींनी चालायला लागल्यावर शिकलेला पहिला नियम.

गिरणी आणि घर यांच्यात एकच भिंत होती. इंजिन चालू झालं की फळीवरची ताटं किणकिणायला लागायची, म्हणून आयने ताटांच्या मध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या घालून ठेवलेल्या. आम्हाला त्या आवाजाचं काही वाटायचं नाही. उलट तो बंद पडला की कानात रिकामं वाटायचं आणि आय चुलीपुढून ओरडायची, "काय झाला गो?" धुराचा पाइप पत्र्यातून वर गेलेला आणि त्याच्या तोंडावर आबांनी पत्र्याचा डबा उलटा अडकवलेला. धूर बाहेर पडताना डबा उडायचा, खाली पडायचा, आणि टुक-टुक-टुक असा आवाज नदीपलीकडच्या डोंगरापर्यंत जायचा. डब्याचा इंजिनाला काही उपयोग नव्हता, गिऱ्हाइकाला होता. आवाज ऐकू आला की बाया भाताची ओझी डोक्यावर घेऊन निघायच्या.

हलरच्या चाळणीखाली जी कणी पडायची ती गिरणीवाल्याची, असा रिवाज होता. त्यामुळे तांदळाची गिरणी असूनही आमच्या घरी अख्ख्या तांदळाचा भात सणासुदीला, एरवी कण्यांची पेज. तिच्याबरोबर भाजलेली सुकट, नाहीतर वालाचं कालवण, उन्हाळ्यात फणसाची भाजी. आमच्या पेजेला डिझेलचा वास येतो असं पाहुणे म्हणायचे. आम्हाला तो कधी आला नाही. अजूनही पंपावर डिझेलच्या बाजूला उभी राहिले की मला भूक लागते, आणि माझा भाचा गाडीत बसल्या बसल्या हसतो.

इंजिन तापू नये म्हणून शेजारी पाण्याचं मोठं पिंप होतं. त्यातलं पाणी इंजिनाभोवती फिरून परत पिंपात पडायचं, आणि संध्याकाळपर्यंत पिंप कढत व्हायचं. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याला लाकूड कधी लागलं नाही. पुढे वर्गात सरांनी शिकवलं की डिझेल जळून जेवढी उष्णता निघते तिच्यातली निम्म्याहून जास्त वाया जाते, थोडी धुरातून आणि थोडी पाण्यातून. पेट्रोलचं इंजिन तर त्याहून जास्त वाया घालवतं. सर ते नुकसान म्हणून सांगत होते. आमचं सगळं घर त्या नुकसानात आंघोळ करायचं.

वाडीच्या माणसाने गिरणी घातली हे गावाला सुरुवातीला जड गेलं. काही घरं दुप्पट चालून नदीपलीकडच्या गिरणीत भात न्यायची. का न्यायची ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलायचं कोणी नाही. आबाही बोलले नाहीत. पुढे ती गिरणी बंद पडली आणि तीच घरं आमच्या दारात आली, तेव्हा आबांनी त्यांचं भात सगळ्यांच्या रांगेत, जसं आलं तसं घेतलं. मार्चात चवदार तळ्यावर जायचा दिवस आला की गिरणी बंद. कोणाला त्या दिवशी तांदूळ हवा असेल तर आदल्या दिवशी या, असं ते गावात आठवडाभर सांगत फिरायचे. त्यांचं उत्तर एवढंच होतं, आणि मला ते पुरेसं वाटतं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. भौतिकशास्त्रात बी. एस्सी. केलं, नंतर बी. एड. आणि मग बिरवाडीच्या बाजूला कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना नोकरी संपेपर्यंत विज्ञान शिकवलं. पण ती पदवी एका उन्हाळ्यात माझ्या हातातून जाता जाता राहिली, आणि ते प्रकरण इंजिनाचं आहे.

आबांना खोकला लागला होता. भात भरडताना उडणारी कोंड्याची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली. महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. मी तेव्हा बारावीची परीक्षा दिलेली, आणि महाडला सायन्सला पुढे जायचं हे मनाशी पक्कं केलेलं. धाकटी बहीण अजून शाळेत. घरात इंजिन कळणारं आबांनंतर दुसरं माणूस म्हणजे मी. अशात नाना मुंबईहून परत आला. नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. त्याने मुंबईत टॅक्सी चालवण्यात उमर घालवली होती. ज्याची टॅक्सी तो म्हातारा वारला, पोरांनी गाडी विकून टाकली, आणि नाना एक ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरला. आबांनी पहिल्याच रात्री जेवताना निवाडा करून टाकला.

"नान्याला इंजान कळलं तर तू जा कॉलेजात. नाय कळलं तर गिरणी तुलाच बघायला लागंल. हे पावसाच्या आधी ठरंल."

"कळेल रे दादा," नाना म्हणाला. "मी गाडीचा माणूस हाय."

"तू पेट्रोलचा माणूस हायस," आबा म्हणाले. "ते येगळं."

तेव्हापासून दोघांचं रोज संध्याकाळी ओट्यावर जुंपायचं. नानाची भाषा अर्धी मुंबईची. "ये क्या इंजन है दादा? ही म्हैस हाय म्हैस. पेट्रोलची गाडी म्हंजी हरीण."

"मग हरणाला नांगराला जुंप," आबा म्हणायचे.

घाटाचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. माल भरलेला ट्रक खालच्या गिअरात, चालत्या माणसाच्या वेगाने, पण कुठे न थांबता चढत राहायचा. त्याला मागे टाकून एखादी पेट्रोलची मोटार सूं करून निघून जायची. उन्हाळ्यात त्यातलीच एखादी वरच्या वळणावर बॉनेट उघडून, वाफ सोडत उभी असायची आणि मघाचा ट्रक तिच्या बाजूने डुगडुगत पुढे जायचा. असं काही कोणाकडून कळलं की आबांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं. नानाही गप बसणारा नव्हता. "थंडीत सकाळी तुझं इंजान चालू करायला दोन माणसं आणि चार शिव्या लागतात. माझी गाडी एका सेल्फवर. आणि आवाज? पाठीमागं बसलेला शेठ झोपायचा. तुझ्या हिच्यापुढं मेलेला उठून बसंल." आता मागे वळून पाहते तर दोघेही खरंच बोलत होते. डिझेल सावकाश फिरून ओझं ओढतं आणि थोड्या तेलात जास्त काम करतं. पेट्रोल हलकं, चपळ, पटकन वेग घेणारं, पण ओझं आलं की जास्त पितं. आता कशेडीला बोगदा झालाय, भाच्याची पेट्रोलची गाडी बटणावर चालू होते आणि चढ कुठे संपला तेही कळत नाही. आबा-नानांना वाद घालायला काही उरलं नसतं.

या दोन इंजिनांतला खरा फरक मला बारावीच्या पुस्तकात सापडला, आणि सायकलच्या पंपावर मी तो स्वतः पडताळून पाहिला. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून जोरात हवा दाबली की पंपाचं टोक तापतं. डिझेलचं इंजिन हेच करतं, फक्त फार जोरात. वीस वाट्या हवा एका वाटीत मावेल इतकी दाबतं. त्या हवेची इतकी आग होते की आत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही, म्हणून चावी नाही. पेट्रोलला इतकं दाबून चालत नाही, कारण हवेत आधीच मिसळलेलं पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि इंजिन आतून ठोके देतं. म्हणून ते बेताने दाबायचं आणि नेमक्या क्षणी प्लगच्या ठिणगीने पेटवायचं. चावी फिरवली की ठिणगी गेली, ठिणगी गेली की इंजिन मेलं. बाकी काम दोघांचं सारखंच: हवा ओढायची, दाबायची, जाळायची, धूर फेकायचा. हे मी नानाला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी माझ्या गाडीला माचीस लागते, आणि तुमची म्हैस रागानंच पेटते." इतकं चांगलं वर्णन मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

नाना आळशी नव्हता, उलट जरा जास्तच उत्साही होता. टॅक्सी पुसायची सवय, तसं तो रोज इंजिन पुसायचा. हँडल मारणं त्याला लवकर जमलं. इंजिनाच्या डोक्यावरचा खटका उचलायचा म्हणजे आतला दाब सुटतो आणि चाकं हलकी फिरतात. वेग आला की खटका सोडायचा, दाब बसतो, इंजिन धरतं. फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यात टॅक्सीची राहिली होती. इंजिन जिथून हवा घेतं तिथे तेलाची एक वाटी असते. हवा त्या तेलाला घासून आत जाते आणि धूळ तेलात अडकते. वाटीत तेल किती भरायचं त्याची आत एक खूण असते. भाताच्या गिरणीत धूळ काय असते ते बघून नाना हैराण झालेला. त्याने विचार केला की तेल जितकं जास्त तितका कोंडा जास्त अडकेल, आणि वाटी काठोकाठ भरली. चोरून नाही, अगदी काळजीने. हवा आत जाताना तेल बरोबर घेऊन जाईल आणि डिझेलचं इंजिन ते तेलही जाळेल, हे त्याच्या मनात यायचं कारणच नव्हतं. त्याच्या टॅक्सीचा फिल्टर कोरडा असायचा.

मे संपत आलेला. पावसाळ्याची बेगमी करायला सगळे एकदम भात आणायचे, तशी शेड पोत्यांनी भरलेली. गावातली भागाकाकी सगळ्यात पुढे बसलेली, कारण ती पहाटेच आलेली आणि ते प्रत्येकीला ऐकवत होती. आबा बाहेर आंब्याखाली बाजेवर. दुपारी हलरची चाळणी तुंबली. ती साफ करायची म्हणून नानाने पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला. म्हणजे इंजिनावरचं ओझं गेलं. अशा वेळी इंजिन क्षणभर उसळतं आणि आपणच डिझेल कमी करून शांत होतं. त्या दिवशी ते उसळलं आणि उसळतच राहिलं. टुक-टुकचा आवाज जुळत जुळत एकच सलग आवाज झाला, वरचा डबा उडून पत्र्यावर गडगडत गेला, आणि शेडमध्ये निळसर पांढरा धूर भरला.

नानाने पंपाचा दांडा दाबला. काही नाही. टाकीचा कॉक बंद केला. तरी वेग वाढतोच.

"बंद व्हईना! दादा, डिझेल बंद केलाय नि तरी चाललाय!"

"भूत शिरला त्याच्यात!" भागाकाकी ओरडली, आणि बाया एकमेकींच्या पोत्यांवरून उड्या टाकत बाहेर पळाल्या. इंजिनाची दोन जाड चाकं आकाराने बैलगाडीच्या चाकाच्या निम्मी, पण बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बीड त्या वेगाने तडकलं तर पत्रा, भिंत, माणूस काहीच मध्ये येत नाही. जमिनीतले बोल्ट करकरायला लागलेले. आबा खोकत खोकत दारापर्यंत आले. "खटका! खटका उचल नान्या!" नानाने तो उचललाही. खटक्याने असा हिसका दिला की नानाचं मनगट मुरगळलं आणि खटका परत खाली पडला.

मी चाळणी हातात घेऊन उभी होते. माझ्या डोक्यात भीतीच्या आधी एक प्रश्न आला, हे मला आजही स्पष्ट आठवतं: हे खातंय काय? डिझेल तर बंद आहे. म्हणजे तेल खातंय, आणि तेल फक्त हवेच्या वाटीतून येऊ शकतं. वाटी चालू इंजिनावर काढता येणार नाही. पण काहीही खाऊ दे, जाळायला हवा तर लागणारच. गळक्या पिंपाच्या बुडाशी ओलं गोणपाट गुंडाळलेलं असायचं. ते ओढलं, दुमडलं आणि हवा आत जाते त्या तोंडावर दाबून धरलं. इंजिनाने ते असं खेचून घेतलं की मला हात सोडावा लागला, गोणपाट आपोआपच चिकटून बसलं. इंजिन घुसमटलं, दोनदा आतल्या आत हादरलं आणि थांबलं. मी शूर वगैरे नव्हते. हवा कुठून जाते ते मला माहीत होतं, आणि ती जागा फिरत्या चाकापासून हातभर लांब होती.

शेडमध्ये आवाज उरला तो फक्त आबांच्या खोकल्याचा. मग दाराबाहेरून भागाकाकी म्हणाली, "पोरीनं इंजानाचा गळा दाबला गो!" आणि बाया हसायला लागल्या, जरा जास्तच. घाबरलेलं माणूस हसतं तसं.

आबांनी वाटी उघडली. एवढं जाळूनही तेल खुणेच्या वरच होतं.

"हे कोणी भरलं?"

"मी," नाना म्हणाला. "कोंडा अडकावा म्हणून."

आबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर नानाला बरं वाटलं असतं. त्यांनी वाटी पुसली, जागेवर ठेवली आणि घरात निघून गेले. जेवताना मात्र ताटाकडे बघत म्हणाले, "आज सुमी नसती तर?" पेजेचा शेवटचा घास घेऊन पुढे म्हणाले, "गिरणी सुमीकडंच राहील. संपला विषय."

मला वाटलं होतं कौतुक होईल, आणि ते झालंही. वाडीत, गावात, पाणवठ्यावर, सगळीकडे. फक्त त्या कौतुकाचा अर्थ असा निघाला की ज्याला इंजिन कळतं त्याने इंजिनाशी राहावं. मला इंजिन कळलं होतं ते पुस्तकामुळे, आणि ते कळल्यामुळेच आता पुस्तक सुटणार होतं. रात्रभर मी याच्यावर विचार केला असं लिहायला बरं दिसेल, पण मी झोपले. सकाळी उठले आणि गिरणीत गेले नाही.

"काय गो, हँडल मारायचं नाय?" आबांनी विचारलं.

"नाय."

"बाया बसल्यात."

"बसू देत. आबा, मी इंजान वाचवलं म्हणून मलाच शिक्षा?"

"शिक्षा नाय गो. गरज हाय."

"मग नानाला शिकवा. त्याची एकदाच चूक झाली. तुमच्या किती झाल्या ते आयला इचारा."

आय भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला कशाला मधे घेता? ती हँडलाला हात लावायची नाय. मी वळखते, ती तुमच्यावर गेलीय."

त्या दिवशी गिरणी बंद राहिली. दुसऱ्या दिवशीही. शेडमध्ये पोती, ओट्यावर बाया, आणि मनगटाला फडकं बांधून पायरीवर बसलेला नाना. भागाकाकी येता-जाता त्याला टोचायची. "काय रे नाना, मुंबईची चावी हरवली काय?" नाना ऐकून घ्यायचा. एरवी एकाला दोन देणारा माणूस. ते मला बघवलं नाही. हँडलला हात लावणार नाही असं मी म्हटलं होतं, पान्याला लावणार नाही असं म्हटलं नव्हतं. मी पाने घेतले आणि त्याला म्हटलं, "नाना, चल, उघडूया. आत काय झालंय ते तरी बघू."

आम्ही इंजिनाचं डोकं उतरवलं. आत काजळी आणि तेलाचा चिखल. नाना ते साफ करत गेला आणि मी एकेक भाग दाखवत गेले. हवेच्या पाइपापाशी आल्यावर तो थांबला. पाइपात बोट घालून फिरवलं.

"हिच्या नळीत झाकण कुठं हाय?"

"झाकण नसतं."

"म्हंजी? माझ्या गाडीत अ‍ॅक्सिलेटर दाबला की हवेचं झाकण उघडायचं, सोडला की मिटायचं. हवा कमी-जास्त करूनच गाडी चालते ना?"

"पेट्रोलची. डिझेलला हवा सदाची मोकळी. कमी-जास्त करायचं ते फक्त डिझेल."

"आणि डिझेल सोडून दुसरं काय मिळालं, तर हिला आडवणारं कोणच नाय?"

"कोणच नाय."

नानाने त्या पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवून पाहिला. मग म्हणाला, "तर मग पेट्रोलला जे असतं ते म्हशीला लावूया." मुरगळलेल्या मनगटाने त्याने एका मोडक्या ट्रंकेचा पत्रा कापला. ती ट्रंक त्याची स्वतःचीच, मुंबईहून आणलेली. पाइपाच्या तोंडाएवढी गोल चकती केली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, जुन्या बिजागरीवर ती बसवली, आणि एक तार दारापर्यंत नेली. तार ओढली की चकती फटकन बसायची. मोठ्या इंजिनांना कारखान्यातूनच असं झाकण लावून देतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. नानाने ते कुठे पाहिलं नव्हतं. तो पेट्रोलचा माणूस होता आणि त्याला डिझेलमध्ये जे नाही ते दिसलं. आम्हाला ते नाही याची सवय झालेली.

आबांनी चकती पाहिली आणि नाक मुरडलं. "कंपनीनं नाय लावलं ते तू लावणार?"

"कंपनीच्या घरात कोंडा उडत नसंल, दादा."

एव्हाना माझा निकाल लागला होता. पास होते, चांगल्या गुणांनी. महाडला प्रवेश घ्यायचा तो दिवस उजाडला तेव्हा आबांनी तोंडाला पंचा बांधून बाज शेडच्या दारात आणून ठेवली. मी धुतलेली साडी नेसून तयार होते, पण जा असं कोणी म्हटलं नव्हतं. गिरणी बंद म्हटल्यावर घरी गेलेल्या बाया परत आलेल्या, आणि भागाकाकी या वेळीही पहिली.

"तेल किती?" आबांनी विचारलं.

नानाने वाटी काढली, नखाने खूण दाखवली. खुणेच्या बरोबर तेल होतं, ना वर ना खाली.

"खुणेच्या वर गेलं तर?"

"तर ती तेल पिऊन माजंल."

"चालू कर."

नानाने खटका उचलला, हँडल फिरवलं, मनगटाने दगा दिला. पुन्हा फिरवलं. इंजिनाने धरलं. त्याने पट्टा हलरवर घेतला, भागाकाकीचं भात ओतलं. ओझं आल्यावर आवाज खोल गेला, जसा जायला हवा तसा. आबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला. नानाने पंपाच्या दांड्याला हात लावला नाही. डिझेल पूर्ण चालू, ओझं अंगावर, आणि त्याने तार ओढली. चकती बसली, इंजिन घुसमटलं आणि मेलं.

"परत," आबा म्हणाले.

नानाने परत चालू केलं, परत मारलं.

"परत."

"अहो, आधी माझं तांदूळ तरी होऊ द्या," भागाकाकी कुरकुरली. "का नाना दमेपर्यंत हेच चालणार?"

"काकी, जरा गप बसा," आबा म्हणाले. असं ते गावातल्या कोणाला पहिल्यांदाच म्हणाले असतील. काकीही गप बसली. तिसऱ्यांदा इंजिन मेलं तेव्हा नानाच्या तोंडावरून घाम गळत होता आणि तो आबांकडे बघतही नव्हता, वाटीतलं तेल बघत होता. कोणी न सांगता. आबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मग ते माझ्याकडे वळले, जणू मी आहे हे त्यांना आत्ताच दिसलं.

"तू हिथं काय करतेस? महाडची गाडी काय तुज्यासाठी थांबणार हाय?"

आयने फडक्यात बांधलेली भाकरी माझ्या हातात दिली. मी कच्च्या रस्त्याने निघाले. निम्म्या वाटेवर असताना मागून हँडलची कुरकुर ऐकू आली, मग इंजिनाने धरलं, मग ओझं आलं. मी थांबून मागे पाहिलं नाही. आवाज बरोबर होता.